गाडीच्या रंगाचे पॉलिश: ऑर्बिटल यंत्र घ्यावे की रोटरी?

सह्यवारा

नमस्कार. माझ्याकडे आठ वर्षांची, वापरलेली घेतलेली काळी सेदान आहे. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा पहाटे एक बादली आणि एक फडका घेऊन ओळीने सगळ्या गाड्यांवरून हात फिरवतो, आणि पुण्यातल्या बांधकामांची धूळ त्या फडक्यात बसलेली असते. परिणामी उन्हात बॉनेटकडे पाहिले की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. मागच्या दिवाळीआधी एका गॅरेजमधून रबिंग-पॉलिश करून घेतले. गाडी हातात आली तेव्हा लखलखीत होती. तीन-चार वेळा धुतल्यावर मात्र जुन्या रेघा पुन्हा वर आल्या, आणि शिवाय दारांवर धुरकट पट्टे दिसू लागले, जे आपण बाजूला सरकलो की आपल्याबरोबर सरकतात.

आता यंत्र विकत घेऊन हे काम सावकाश घरीच करायचे ठरवले आहे. झाकलेले पार्किंग आहे आणि तेथे विजेची सोयही आहे. हार्डवेअरचा दुकानदार म्हणतो की रोटरी घ्या, कारण गॅरेजवाले तीच नेतात. इंटरनेटवर मात्र जो-तो ऑर्बिटलचे गोडवे गातो, आणि त्यातही आठ, पंधरा, एकवीस मिलिमीटर असे प्रकार आहेत. एकाच गाडीसाठी, वर्षाकाठी एक-दोनदा वापरायचे असेल तर नेमके काय घ्यावे आणि का घ्यावे? ‘चांगल्या डिटेलिंग सेंटरकडे द्या’ हे उत्तर कृपया देऊ नये.

निवांत_प्रवासी

आधी फडका बदला, यंत्राचे नंतर पाहू.

गणिती

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर दोन यंत्रांच्या गतीत आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

रोटरीमध्ये पॅड, म्हणजे पुढे लावलेली फोमची किंवा लोकरीची गोल गादी, एकाच अक्षाभोवती, एकाच दिशेने फिरतो. मोटर गिअरद्वारे त्याला थेट फिरवते, त्यामुळे तुम्ही कितीही दाबले तरी पॅड सहसा थांबत नाही. ऑर्बिटलमध्ये, ज्याला डिटेलिंगवाले डीए (ड्युअल ॲक्शन, म्हणजे दुहेरी गती) म्हणतात, मोटर पॅडला थेट फिरवत नाही. ती मधल्या अक्षापासून थोडे बाजूला ठेवलेले बेअरिंग फिरवते आणि पॅड त्या बेअरिंगवर मोकळा असतो. म्हणून पॅड एका लहान वर्तुळात घुमतो आणि जोडीला स्वतःभोवतीही सावकाश फिरतो. त्या लहान वर्तुळाचा व्यास म्हणजे यंत्राचा थ्रो. आठ, पंधरा, एकवीस मिलिमीटर हे आकडे त्याचे आहेत.

आता थोडा हिशेब करू. १५० मिलिमीटरचा पॅड रोटरीवर मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या कडेचा बिंदू मिनिटाला सुमारे ७०७ मीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १२ मीटर धावतो. मध्यबिंदूचा वेग त्याच वेळी शून्य असतो. पंधरा मिलिमीटर थ्रोचे यंत्र मिनिटाला ४५०० घुमाव घेत असेल, तर पॅडचा प्रत्येक बिंदू, मग तो मधला असो वा कडेचा, मिनिटाला सुमारे २१२ मीटर, म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटर जातो. एकवीसच्या यंत्रात हाच वेग सेकंदाला पाच मीटरच्या आसपास येतो आणि आठच्या यंत्रात दोनपेक्षाही थोडा कमी. पॅडचे स्वतःभोवतीचे फिरणे त्यात थोडी भर घालते, पण ती येथे सोडून देतो.

घर्षणाने निर्माण होणारी उष्णता दाब आणि वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. दाब सारखा धरला तर रोटरीच्या कडेला तिपटीहून अधिक उष्णता तयार होते, आणि तीही एका अरुंद पट्ट्यात. दारांवरचे सरकते पट्टे याच कडेने आले आहेत. कंपाउंडच्या, म्हणजे घासायच्या जाड पेस्टच्या, कणांनी एकाच दिशेने ओढलेल्या अतिसूक्ष्म समांतर रेघा प्रकाश ठराविक कोनातच परतवतात, त्यामुळे तुमची जागा बदलली की पट्टाही सरकल्याचा भास होतो. यालाच होलोग्राम म्हणतात. फडक्याच्या रेघा वास्तविक सगळ्या दिशांना असतात. त्यांतल्या प्रकाशाला आडव्या येणाऱ्याच तेवढ्या चमकतात, म्हणून त्या सूर्याभोवती गोल दिसतात.

तुमच्या कामासाठी माझे मत पंधरा मिलिमीटरच्या डीएला.

रंगशाळा

गणितींचा हिशेब बरोबर असेल, पण त्यातून निघणारा निष्कर्ष अर्धाच आहे. मी कोल्हापुरात अनेक वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो आणि रोज रोटरी वापरतो. होलोग्राम यंत्र करत नाही. शेवटची पायरी गाळणारा माणूस करतो. लोकरी पॅडने कटिंग, म्हणजे पहिले जोरकस घासणे, झाल्यावर मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन, वेग ९०० ते १००० वर आणून, यंत्राच्या वजनापलीकडे जोर न देता दुसरा आणि शक्य तर तिसरा हात द्यावा लागतो. ज्या गॅरेजमध्ये एका दिवसात चार गाड्या बाहेर काढायच्या असतात तेथे हे होत नाही. त्याऐवजी तेलकट ग्लेझ मारून रेघा बुजवतात. ते तेल दोन-चार धुण्यांत निघून जाते आणि खालचे सगळे उघडे पडते. धागाकर्त्यांच्या बाबतीत नेमके हेच झालेले दिसते.

ताज्या रंगावर धूळ बसली किंवा ओघळ आला की आम्ही तो १५०० किंवा २००० च्या पाण्याच्या कागदाने (ओल्या सँडपेपरने) घासून सपाट करतो. कागदाचे ते ओरखडे डीएने काढत बसलो तर दुपार एका बॉनेटवरच जाईल. रोटरी आणि लोकर यांच्या जोडीने तेच काम फार लवकर होते. दाराच्या हँडलच्या खोबणीत किंवा आरशाच्या देठाशी जेथे मोठा पॅड मावत नाही, तेथेही रोटरीवर लहान पॅड लावून हात नीट पोहोचतो. म्हणून रोटरीला नवशिक्यांचा शत्रू ठरवणे मला पटत नाही. तिला हात शिकवावा लागतो एवढेच.

मायक्रॉन

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहिली: आपण घासतो आहोत तो थर किती जाड आहे?

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सर्वांत खाली विद्युत-प्रक्रियेने चढवलेला, गंज रोखणारा थर असतो, साधारण २० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर तीस-पस्तीस मायक्रॉनचा प्रायमर, त्यावर पंधरा-वीस मायक्रॉनचा रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन. सगळे मिळून बेरीज १०० ते १३० च्या आसपास जाते. अनेक लहान गाड्यांवर ती त्याहूनही कमी भरते. आपले सगळे पॉलिश त्या वरच्या ३५ ते ५० मायक्रॉनमध्ये चालते. उन्हातील अतिनील किरणे शोषणारी द्रव्ये याच थरात असतात, त्यामुळे तो सगळा संपेपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही. बराच पातळ झाला तरी काही वर्षांत छतावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे पडून क्लिअर कोट सोलू लागतो. आपल्याकडच्या उन्हात असे छत पाहिले नाही असा वाचक येथे क्वचितच असेल.

रेघ काढणे म्हणजे रेघेभोवतीचा क्लिअर कोट तिच्या तळापर्यंत खाली आणणे. डीएवर मध्यम पॅडने एक हात दिला तर सहसा एक-दोन मायक्रॉन जातात. लोकर आणि जाड कंपाउंड घेऊन रोटरीने केले तर कितीतरी अधिक जाऊ शकतात. कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, म्हणून ‘रंग जळला’ ही तक्रार नेहमी तेथूनच येते.

यंत्र घेण्याआधी रंगाची जाडी मोजणारे मीटर मिळवा. उसने मिळाले तरी चालेल. आठ वर्षांची वापरलेली गाडी आहे; तिचा कोणता भाग कधी पुन्हा रंगवला गेला हे आज तुम्हाला ठाऊक नाही.

चिंचवडकर

रंगशाळा म्हणतात तसा हात शिकवायचा तर तो कोणाच्या गाडीवर शिकवायचा, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मेहुण्याने त्यासाठी माझी गाडी सुचवली होती.

रंगशाळा

@चिंचवडकर, भंगारातून जुने बॉनेट आणावे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला आधी तेच देतो, आणि कडेला कागदी टेप लावल्याशिवाय यंत्र हातात देत नाही. मेहुण्यांनाही तसेच सांगा.

जर्सीकर

येथे न्यू जर्सीत हौशी लोकांचे प्रमाण मोठे असल्याने डीएचाच बोलबाला आहे. पूर्वी पोर्टर-केबलचे आठ मिलिमीटरचे यंत्र घरोघरी दिसे. ते सुरक्षित होते, पण कडक क्लिअर कोटवर त्याचा जोर फार कमी पडे, आणि त्यामुळे ‘डीएने काही होत नाही’ हा समज पसरला. मग इटलीतील रुपेस या १९४७ पासूनच्या कंपनीच्या बिगफूट यंत्रांनी पंधरा आणि एकवीस मिलिमीटरचा थ्रो लोकप्रिय केला, आणि जोडीला मायक्रोफायबरचे कटिंग पॅड आल्यावर चित्र बरेच बदलले. आज पत्र्यावरचे बहुतेक दोष मोठ्या थ्रोच्या डीएने निघतात.

तिसरा प्रकार कोणी काढला नाही म्हणून सांगतो. काही यंत्रांत पॅड घुमतो आणि त्याच वेळी गिअरमुळे सक्तीने फिरतोही. जर्मनीच्या फ्लेक्सचे एक्ससी ३४०१ हे त्याचे जुने उदाहरण. मकिताच्या पीओ५००० मध्ये तर एका कळीने मुक्त आणि सक्तीचे अशा दोन्ही रीती बदलता येतात. मोकळ्या डीएचा एक दोष असा की वक्र जागी किंवा तिरपे दाबल्यास पॅडचे फिरणे थांबते आणि तो जागच्या जागी नुसता थरथरतो, म्हणजे काम जवळजवळ बंद पडते. सक्तीच्या फिरण्यात तसे होत नाही. त्याची किंमत म्हणजे यंत्र हाताला ओढते आणि उष्णता थोडी अधिक होते.

जाता जाता एक सूचना: कोणी नातेवाईक अमेरिकेतून यंत्र आणतो म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. येथली यंत्रे १२० व्होल्टची असतात. भारतातील २३० व्होल्टवर ती ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणार नाहीत, आणि यंत्राचा भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर वजनाने यंत्राहून जड निघतो.

निवांत_प्रवासी

@जर्सीकर, ही सूचना मिक्सर आणणाऱ्या आमच्या मावशींनाही कोणी वेळेवर द्यायला हवी होती.

ओवी_के

डीएने रंग जळतच नाही, असा सूर धाग्यात उमटतो आहे, म्हणून थोडी असहमती नोंदवते. मी घरच्या दोन्ही गाड्यांचे पॉलिश स्वतः करते आणि फक्त डीए वापरते. मायक्रोफायबरचा कटिंग पॅड, सर्वांत वरचा वेग आणि प्लास्टिकच्या बंपरचा कोपरा ही तिन्ही एकत्र आली तर डीएसुद्धा रंग उडवू शकते. पत्रा उष्णता पसरवून टाकतो. प्लास्टिक ती जागच्या जागी धरून ठेवते, त्यामुळे बंपरवर थोड्या वेळात पृष्ठभाग बराच तापतो. वाईट याचे की पत्र्यावरचे साधे मीटर बंपरची जाडी दाखवतच नाही. ते चुंबकीय किंवा विद्युत तत्त्वावर चालते आणि त्याला खाली धातू लागतो. प्लास्टिकवर मोजायला अल्ट्रासॉनिक मीटर लागते, आणि ते घरगुती खर्चात बसत नाही.

त्यामुळे बंपरवर यंत्र कोणतेही असो, मऊ फोम, कमी वेग आणि मध्येमध्ये हाताची पाठ लावून तापमान पाहणे हा माझा नियम आहे. हात ठेवता येत नसेल तर थांबायचे.

पद्मिनीप्रेमी

आमच्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिच्यावर क्लिअर कोट नाही. त्या काळच्या साध्या रंगांच्या गाड्यांवर वरपासून खालपर्यंत रंगच असे. अशा गाडीला पॉलिश करताना पॅड गाडीच्याच रंगाचा होतो, आणि नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो की रंग निघाला. निघतो हे खरेच आहे, पण निघतो तो उन्हाने मेलेला वरचा थर, आणि त्याखाली रंगाची मूळ छटा पुन्हा वर येते. काळ्या सेदानवर मात्र पॅड काळा झाला तर सावध व्हावे. क्लिअर कोटच्या गाडीत पॅडवर गाडीचा रंग येणे म्हणजे आपण बेस कोटपर्यंत पोहोचलो असण्याची शक्यता आहे, किंवा तो भाग कोणीतरी क्लिअर कोटशिवाय रंगवलेला आहे.

पद्मिनीवर मी रोटरी वापरत नाही. तिचे बॉनेट इतक्या घड्यांचे आहे की कडेपासून लांब राहायचे म्हटले तर यंत्र ठेवायला जागाच उरत नाही.

सह्यवारा

सर्वांचे आभार. मायक्रॉन यांच्या सल्ल्यानुसार मित्राचे मीटर आणून काल संध्याकाळी मोजणी केली. बॉनेट, छत आणि डिकी १०२ ते ११८ च्या दरम्यान आहेत. बॉनेटच्या पुढच्या घडीवर आकडा ८८ पर्यंत उतरतो. उजवी दारे ११० च्या जवळपास. डावे पुढचे दार मात्र २१० ते २४० दाखवते, आणि त्याच बाजूच्या फेंडरवर एका जागी तो ६०० च्या वर गेला. गाडी विकणाऱ्याने ‘कुठेही हात लागलेला नाही’ असे सांगितले होते.

याचा यंत्राच्या निवडीवर काही परिणाम होतो का?

चिंचवडकर

विकणाऱ्याचा हात लागला नसेल; समोरच्या टेम्पोचा लागला असेल.

मायक्रॉन

@सह्यवारा, बॉनेट, छत, डिकी आणि उजवी बाजू कारखान्याच्या मूळ रंगात आहेत. डावे दार पुन्हा रंगवलेले आहे, आणि फेंडरवर ६०० च्या वर आकडा आला म्हणजे तेथे पुट्टी भरली आहे. जास्त आकडा पाहून निश्चिंत होऊ नये, कारण मीटर सगळ्या थरांची एकत्र बेरीज दाखवते. २४० मायक्रॉनमध्ये क्लिअर कोट ६० असेल की २५, हे त्यावरून कळत नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात घ्या. साध्या मीटरची चूक दोन-तीन मायक्रॉन इकडे-तिकडे असते, आणि एका हाताच्या पॉलिशमध्ये जाणारा थर तेवढाच असतो. त्यामुळे पॉलिशआधी आणि नंतर मोजून ‘किती गेले’ हे नेमके काढता येणार नाही. मीटरचा उपयोग कोठे जपायचे हे ठरवण्यापुरता आहे.

रंगशाळा

परिणाम होतो. कारखान्यात क्लिअर कोट १३० ते १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. आमच्यासारख्या ठिकाणी तयार गाडीला तेवढी उष्णता देता येत नाही, कारण तिच्यात प्लास्टिक, रबर आणि वायरिंग असते. म्हणून हार्डनर मिसळून रंग मारतात आणि चांगला बूथ (रंगकामाची बंद, तापवता येणारी खोली) असेल तर ६० अंशांना अर्धा तास ठेवतात. बूथ नसेल तर उन्हात. असा रंग पुष्कळदा मूळ रंगापेक्षा मऊ राहतो. मऊ रंगावर रेघा लवकर निघतात आणि होलोग्रामही तितक्याच लवकर उमटतात. तुमच्या डाव्या दारावरचे पट्टे उजव्यापेक्षा ठळक आहेत का, ते पाहा.

आणि हे मी रोटरीवाला असूनही सांगतो: ही गाडी तुम्ही वर्षातून एकदा हात लावणार, दर भागाची जाडी वेगळी, बॉनेटची घडी ८८ वर. तुम्ही डीए घ्या. माझी भांडणे रोटरीला वाईट म्हणण्याशी होती. ती तुमच्या हाती द्यावी असे मी म्हटले नव्हते.

सह्यवारा

@रंगशाळा, आज उन्हात नीट पाहिले. डाव्या दारावरचेच पट्टे जास्त ठळक आहेत, उजवीकडे शोधावे लागतात. आपला अंदाज अचूक निघाला.

आता पंधरा की एकवीस?

गणिती

एकवीसचे यंत्र बहुधा १५० मिलिमीटरच्या प्लेटवर (पॅड जिच्यावर चिकटतो ती बॅकिंग प्लेट) १८० चा पॅड चालवते आणि पंधराचे १२५ च्या प्लेटवर १५० चा. सपाट, मोठ्या पत्र्याच्या गाड्यांवर, म्हणजे मोठ्या एसयूव्हीच्या बॉनेटवर, एकवीस वेळ वाचवते. सेदानच्या दारांवर पत्र्याच्या उंचवट्याच्या रेषा असतात आणि खिडक्यांमधले खांब अरुंद असतात. तेथे मोठा पॅड एका बाजूने उचलला जातो आणि फिरणे थांबते. पंधराच घ्या. खांबांसाठी आणि आरशांसाठी पुढे वाटले तर ७५ मिलिमीटरचे छोटे यंत्र घेता येईल, किंवा तेवढा भाग हाताने करता येईल.

पॅड खरोखर फिरतो आहे की नुसता थरथरतो आहे हे कळण्यासाठी बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ ओढा. ती रेघ फिरताना दिसली पाहिजे.

ओवी_के

पद्धतीविषयी थोडे लिहिते, कारण डीए घेऊनही निराश होणाऱ्यांची तक्रार बहुधा येथेच असते.

गाडी धुऊन झाल्यावर लोखंडाचे कण विरघळवणारे द्रव्य आणि मग क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी) वापरून रंग गुळगुळीत करून घ्या. रंगात रुतलेला कण पॅडखाली आला तर तो नवी रेघ ओढतो. बोअरचे पाणी वापरत असाल तर पाण्याच्या थेंबांचे क्षाराचे डाग आधी पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने सोडवून पाहा. ते निघाले तर त्यांच्यासाठी क्लिअर कोट खर्च करावा लागत नाही. त्यानंतर साधारण दोन फूट गुणिले दीड फूट एवढाच भाग घ्या. नव्या पॅडवर पॉलिश बोटाने सगळीकडे पातळ पसरवून तो भिजवून घ्या, नंतर दर वेळी चार थेंब पुरतात. यंत्र बंद असतानाच पत्र्यावर टेकवा, पहिल्या वेगावर पॉलिश पसरवा, मग चार-पाचवर न्या. हात अतिशय सावकाश चालवायचा, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, आधी आडवा आणि मग उभा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवून. रोटरीवर हाच सावकाशपणा धोक्याचा ठरतो, आणि डीएवर घाई केली तर काहीच होत नाही. दोन्ही यंत्रांच्या हाताची लय वेगळी असते, म्हणून एकाचे व्हिडिओ पाहून दुसरे चालवू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधी एका चौरसावर मऊ जोडी वापरून पाहा. पॉलिशिंग फोम आणि बारीक पॉलिशने ऐंशी टक्के रेघा गेल्या तर तेथेच समाधान मानावे. न गेल्या तरच जास्त धारदार पॅड घ्यावा. प्रत्येक चौरस झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून, मऊ मायक्रोफायबरने पुसून मगच टॉर्चखाली पाहा. पॉलिशमधील तेल निघाल्याशिवाय रेघा गेल्या की नुसत्या बुजल्या हे कळत नाही. धागाकर्त्यांच्या दिवाळीचे कोडे एवढ्या एका पुसण्याने गॅरेजच्या दारातच सुटले असते.

जर्सीकर

ओवी यांच्याशी पूर्ण सहमत. एक पुरवणी: दर दोन-तीन चौरसांनंतर पॅड ब्रशने साफ करावा. खर्च झालेले पॉलिश आणि रंगाची भुकटी पॅडमध्ये साचली की तो कापणे सोडतो, चिकटतो आणि तापतो. निदान पाच-सहा पॅड हाताशी हवेत. यंत्रावर सगळे पैसे घालून पॅड दोनच घेणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

पद्मिनीप्रेमी

नखाला लागणारी रेघ असेल तर तिच्या मागे जाऊ नका. ती क्लिअर कोटमध्ये बरीच खोल गेलेली असते. तिच्या कडा गोलसर करून ती कमी दिसेल एवढेच करता येते. विशेषतः बॉनेटच्या घडीवर.

तांत्रिक_तात्या

सगळ्यांनी डीएवर शिक्कामोर्तब केले आहे, तरी रंगशाळा यांना एक प्रश्न. फेंडरवर पुट्टी आहे, तेथे जर खोल ओरखडे असतील आणि कागदाने घासावे लागले, तर धागाकर्त्यांनी काय करावे?

रंगशाळा

तेवढा एक फेंडर कोणा जाणत्याकडे न्यावा, म्हणजे धागाकर्त्यांना नको असलेले उत्तर द्यावे लागेल. पुट्टीवरच्या रंगाचा भरवसा नसतो. पुट्टी आक्रसली की वर कागदाच्या रेघा उमटून दिसतात आणि त्या पॉलिशने जात नाहीत, कारण त्या खालून आलेल्या असतात. असे असेल तर तो भाग पुन्हा रंगवणे हाच उपाय. नुसत्या फडक्याच्या रेघा असतील तर बाकी गाडीसारखाच डीएने हात द्यावा, मऊ फोमने.

सह्यवारा

फेंडरवर फडक्याच्याच रेघा आहेत, खोल काही नाही. पंधरा मिलिमीटरचे डीए, दोन प्रकारचे फोम पॅड प्रत्येकी तीन आणि एकच मध्यम पॉलिश, अशी यादी नक्की केली आहे. गाडी पुसणाऱ्या मुलाला या महिन्यापासून कोरडा फडका मारू नको असे सांगितले, तर त्याने पैसे तेवढेच लागतील असे सांगितले.

शेवटची शंका. मित्राकडे रोटरीची १२५ ची एक नवी प्लेट पडून आहे. ती डीएला राखीव म्हणून चालेल का?

गणिती

नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या रोटरीचा दांडा बहुधा एम१४ आट्यांचा असतो आणि डीएची प्लेट सहसा एम८ बोल्टने बसते, त्यामुळे ती लागणारच नाही. जोडतुकडा लावून बसवण्याचा प्रयत्नही करू नये. डीएच्या आत घुमणाऱ्या वजनाला तोलण्यासाठी एक प्रतिभार असतो आणि तो ठराविक प्लेट-पॅडच्या वजनानुसार जुळवलेला असतो. वेगळ्या वजनाची प्लेट बसली की थरथर वाढते, हात बधिर होतात आणि बेअरिंग लवकर जाते. राखीव प्लेट मात्र जरूर घ्या, त्याच यंत्राची. उष्णतेने तिचे वेल्क्रो मऊ पडते, आणि मग चालू यंत्रावरून पॅड निघून शेजारच्या गाडीवर जातो.

चिंचवडकर

शेजारची गाडी मेहुण्याची असेल तर राखीव प्लेट नाही घेतली तरी चालेल.